लॅब्राडॉर (लॅब) कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंय?
अभिनंदन! आता चपला आणि पायपुसणी वर ठेवा, बाकीचं नंतर.

झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच शू-शीच्या ठरलेल्या जागी न्या. तिथे केली की त्याच क्षणी खाऊ. घरात झाली तर ओरडू नका, गुपचूप पुसा. हात चावलं की खेळ बंद.

केविलवाण्या डोळ्यांना मात्र भुलू नका. बऱ्याच लॅबमध्ये भुकेवर ताबा ठेवणाऱ्या पीओएमसी जनुकाचा काही भाग गायब असतो, त्यामुळे भूक सतत जागीच राहते. खाणं मोजूनच द्या. आजीलाही सांगा, पोळीचे तुकडे तिच्याच हातून जातात! कांदा, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको.

पार्व्हो या जीवघेण्या संसर्गाच्या लसीचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर रस्त्यावर खाली सोडू नका. कडेवर घेऊन रिक्षा, गर्दी, बँडबाजा सगळं दाखवा.