टाचेवरचा काळा डाग आणि मोबाइलचं ‘धोका कमी’

प्रश्न : डॉक्टर, आमच्या मामंजींचं वय 64. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. त्यांच्या डाव्या टाचेवर वर्षभरापासून काळा डाग आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा होता, आता शेंगदाण्याएवढा झालाय. दुखत नाही, म्हणून दाखवायला तयार नाहीत. मुलानं ॲपवर फोटो टाकला, तर ‘धोका कमी’ आलं. त्वचेचे डॉक्टर यंत्रातून बघून सांगतात म्हणे, मग तुकडा काढावा लागणार नाही ना? तुकडा काढला की रोग पसरतो, असं इथं सगळे म्हणतात.
— एक सूनबाई, तासगाव

उत्तर : ताई, मामंजींना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. डाग वाढतोय, एवढं कारण पुरेसं आहे. दुखत नाही यावर विसंबू नका. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आपल्याकडे तो कमी आढळतो, पण झाला तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. म्हणूनच लवकर कुणाच्या नजरेस पडत नाही.

ते यंत्र म्हणजे डर्मोस्कोप. मुठीत मावतो, साधारण दहा पट मोठं दाखवतो आणि त्याचा उजेड त्वचेवरची चकाकी घालवतो, त्यामुळे आतला रंग दिसतो. तळपायावरच्या बारीक रेघा त्यातून बघितल्या की थेट सरी-वरंबा दिसतो. वरंब्यावर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके एका ओळीत असतात, त्यावरून वरंबा कुठला ते कळतं. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत साचतो. रंग वरंब्यावर पसरलेला दिसला की आम्ही सावध होतो. ही खूण जपानी डॉक्टरांनी बारकाईनं अभ्यासली, कारण त्यांच्याकडेही हा रोग तळपायावरच जास्त.

ॲपचं म्हणाल, तर 2017 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी संगणकाला 1,29,450 चित्रं दाखवून शिकवलं आणि ठरावीक चाचण्यांत तो तज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरला. खरंच मोठं काम आहे. पण अशा चित्रसंग्रहांत गोऱ्या कातडीचे फोटो फार, आपल्यासारख्या वर्णाचे थोडे. शेतात राबलेल्या, भेगाळलेल्या टाचेबद्दल मोबाइलनं ‘धोका कमी’ म्हटलं म्हणून मी कुणालाही घरी थांबू देणार नाही.

आणि तुकड्याची भीती मनातून काढून टाका. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. यंत्र सांगतं तुकडा घ्यायचा का आणि नेमका कुठून. निदान पक्कं होतं ते सूक्ष्मदर्शकाखालीच. जागेपुरती भूल देतात, काही मिनिटांचं काम. गाठ किती मिलिमीटर खोल गेलीय, तेही त्यातूनच कळतं आणि पुढचं बरंचसं त्या खोलीवर ठरतं. एक मिलिमीटरच्या आत सापडली, तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेवर भागतं.

सांगलीत माझ्याकडे एक आजी हाताच्या खाजेसाठी यायच्या. तीनदा आल्या, तिन्ही वेळा मी फक्त हात बघितले. पुढं दीड वर्षानं त्या तळपायाची जखम घेऊन आल्या. भोवरी समजून घरच्यांनी पट्ट्या लावल्या होत्या. चूक माझीही होती, ती मला आजही सलते. तेव्हापासून माझ्या खोलीत प्रत्येक जण चप्पल काढून पाय दाखवतो.

जाईपर्यंत डागावर वजरी घासू नका, भोवरीची पट्टी लावू नका, ब्लेडनं तर मुळीच खरवडू नका. तिथं गेल्यावर दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखंही बघायला सांगा.