ॲप्रन कोणाच्या कमरेला आहे ते आधी पाहा

मागच्या अंकात आपण जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचं 1806 सालचं एक व्यंगचित्र छापलं होतं, नेपोलियन भट्टीपुढे उभा राहून राजे भाजून काढतो ते. त्यावर इतकी पत्रं अन् मेसेज आले की बाकीचे प्रश्न पुढच्या खेपेवर ढकलावे लागले. अन् गंमत अशी की लढाया, तह वगैरे कोणीच विचारलं नाही, सगळ्यांची नजर जाऊन बसली त्याच्या ॲप्रनवर. तर या वेळी तेच.

भाऊ, मी टेलर आहो, हिंगणघाट तालुक्यात दुकान आहे. शाळेची पोरं गॅदरिंगमध्ये जुन्या लंडनच्या बाजाराचं नाटक करून राह्यली. सरांनी मोबाईलवर असलीच जुनी चित्रं दाखवली अन् म्हणे असे ड्रेस शिवून द्या. मले चित्रात ॲप्रन दिसते पण ते बांधलं कसं, अटकवलं कुठं, काहीच समजून नाही राह्यलं. कापड कोणतं घेऊ? बजेट कमी आहे.

बजेटचं टेन्शन घेऊच नका, हा कपडा मुळातच कष्टकऱ्याचा आहे. एक चौकोनी तुकडा, वरच्या कडेला नाडी, झालं. खरी मेहनत आहे ती आतल्या कपड्यात. 1750 ते 1800 च्या चित्रांतला कामाचा माणूस पाहाल तर गुडघ्यापर्यंतची विजार, खाली लांब मोजे अन् बकलचे बूट, वर ढगळ लिननचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या, त्यावर वेस्टकोट अन् गळ्याला रुमाल. ॲप्रन या सगळ्याच्या वरून. आता तुमचा मुद्द्याचा प्रश्न, अटकवलं कुठं. छातीवर येणारा जो भाग असतो त्याच्या वरच्या टोकाला एक काज करायचं अन् ते वेस्टकोटच्या बटनात अडकवायचं, पुष्कळ ॲप्रन असेच असायचे, म्हणून चित्रात तुम्हाला गळ्यात पट्टा सापडत नाही. काहींना तर छातीचा भागच नसे, नुसतं कमरेखाली. अन् एक गोष्ट पोरांकडून नक्की करून घ्या, ॲप्रनचा खालचा एक कोपरा उचलून तिरपा कमरेत खोचायचा. दुकानदार, खाटीक सगळे असं खोचलेले दिसतात, पाय मोकळे राहतात. स्टेजवर तेवढ्यानंच पोरगा कामातून उठून आल्यासारखा वाटेल.

कोणाला कोणता, ते असं. खाटकाला निळा, अन् कमरेला सुरी पाजवायची पोलादी सळई लोंबती ठेवा, ती नसेल तर खाटीक ओळखूच येणार नाही. लोहार अन् चांभाराला चामड्याचा, तुम्ही तपकिरी रेक्झिन घ्या, चकचकीत बाजू आत. आचाऱ्याला पांढरा अन् पांढरी टोपी. न्हाव्याला चौकड्याचा, 1688 साली रँडल होम नावाच्या माणसानं न्हाव्यांना चौकड्याच्या ॲप्रनवाले असंच लिहून ठेवलंय. बायकांचा घेरदार, कमरेला बारीक चुण्या, लांबीला जवळपास खालच्या घागऱ्याएवढा, खांद्यावर त्रिकोणी घडीचा रुमाल अन् डोक्यावर पांढरी टोपी. कापड मांजरपाटच घ्या, एकदा धुवून मग बेता, आटतं ते. निळ्यासाठी तेच रंगवा. पॉलिस्टर अजिबात नको, लाइटखाली चमकतं.

आता सर म्हणतील चित्रात तर खाटकाचा ॲप्रन गुलाबी आहे, तर वाद घालत बसू नका. ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापायचे अन् रंग नंतर हातानं भरायचे, एकेका प्रतीला वेगळा. त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत ॲप्रनचे दोन रंग निघू शकतात. शिवण, चुण्या, खोचलेला कोपरा ही कोरलेली रेघ आहे, तिच्यावर भरवसा ठेवा, रंगावर कमी.

बादशहाले ॲप्रन काहून घातलं? तो काय भट्टीवाला होता का? — आर्वीहून एक वाचक

नव्हता ना बाप्पा, तोच तर टोमणा आहे. लंडनमध्ये टिडी डॉल म्हणून एक खरोखरचा फेरीवाला होऊन गेला, आल्याचा गोड केक विकायचा, ज्याला तिकडे जिंजरब्रेड म्हणतात. हा गडी मोठा थाटमाट करायचा, जरीची टोपी, त्यात पीस, रेशमी मोजे, अन् त्या सगळ्या श्रीमंतीवर एक पांढराशुभ्र ॲप्रन. लोक केकपेक्षा त्यालाच पाहायला जमायचे. होगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या 1747 च्या चित्रमालेत फाशी पाहायला जी गर्दी जमलीय तिच्यातही तो आपला माल विकत उभा आहे.

गिलरेनं हाच माणूस उचलला अन् त्याच्या जागी नेपोलियनला उभं केलं. डिसेंबर 1805 मध्ये ऑस्टरलिट्झची लढाई जिंकल्यावर नेपोलियननं बव्हेरिया अन् व्यूर्टेम्बर्ग या जर्मन राज्यांच्या सत्ताधीशांना राजे करून टाकलं, अन् 23 जानेवारी 1806 ला लंडनच्या दुकानात हे चित्र हजर. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर भट्टीतून ताजे राजे बाहेर येताहेत, मुकुटासकट भाजलेले. मागे त्याचा मंत्री तालेराँ पीठ मळतोय, परातीवर देशांची नावं. बाजूला कपाट आहे, त्याच्या एका खणावर लिहिलंय राजे अन् राण्या, दुसऱ्यावर मुकुट अन् राजदंड, म्हणजे स्टॉक तयारच आहे. अन् खाली तुटक्या मालासाठी राखेचा खड्डा. अंक जवळ असेल तर तो खड्डा भिंग घेऊन पाहा, माझ्या मते अख्ख्या चित्रात सगळ्यात जहरी कोपरा तोच आहे.

आता ॲप्रन काहून, तर डोक्यावर मोठी पिसांची टोपी अन् कमरेला भट्टीवाल्याचं फडकं, ही जोडी दिसली की लंडनच्या माणसाला टिडी डॉल आठवणार अन् तो हसणार. मी तर म्हणतो ही चित्रं पाहताना पहिले हेच पाहावं की ॲप्रन कोणाच्या कमरेला आहे. काम करणाऱ्याच्या कमरेला असेल तर ती माहिती, साहेबाच्या कमरेला असेल तर तो टोला.

मी दारव्हा तालुक्यात शिक्षक आहे. इतिहास शिकवताना अशी व्यंगचित्रं पुरावा म्हणून दाखवावी का? त्यात खाटीक, कोळिणी सगळे जाडे, तोंडाळ, भांडखोर दाखवलेले असतात. खरे कामगार तसेच होते का?

गुरुजी, दाखवा, पण दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवा. कपडा अन् अवजार हे बहुतेक वेळा खरं असतं, कारण चित्रकाराला ते नेमकं काढावंच लागतं, नाहीतर पाहणाऱ्याला धंदा ओळखू येणार नाही अन् जोक पडेल. पण चेहरा, पोट, नाक, तोंडाचा आ, हे सगळं विकत घेणाऱ्याच्या आवडीचं. अन् विकत घेणारा कोण? साधं चित्र साधारण एक शिलिंग, रंगवलेलं दोन शिलिंग असा भाव असायचा, मजुराला कुठून परवडणार. तो दुकानाच्या काचेबाहेर उभा राहून फुकट पाहायचा. गिलरे ज्या हॅना हम्फ्री बाईच्या दुकानासाठी काम करायचा ते सेंट जेम्स स्ट्रीटवर, म्हणजे बड्या लोकांच्या वस्तीत होतं. तर खाटकाचं पोट हे खाटकाचं नाही, गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं आहे.

वर्गात दाखवायला होगार्थच्या त्याच 1747 च्या मालेतलं पहिलं चित्र घ्या. लंडनच्या स्पिटलफील्ड्समधे दोन शिकाऊ पोरं मागावर बसलीत. एक नीटनेटका, धोटा हातात, नजर कामावर. दुसरा मागाला टेकून झोपलाय, कपडे फाटके, मागावरच बिअरचा मग ठेवलाय अन् त्याचा धोटा मांजर खेळवून राह्यली. माग खरा आहे, धोटा खरा आहे. पण आळशाचेच कपडे फाटके अन् कष्टाळूचे धड, हे होगार्थचं कीर्तन आहे. पगार कमी म्हणूनही कपडे फाटतात हे त्याला दाखवायचं नव्हतं. त्याच्याच 1751 च्या बिअर स्ट्रीट अन् जिन लेन (जिन म्हणजे कडक दारू) या जोडीतही तेच, बिअर पिणारे कामकरी गुबगुबीत अन् खुशाल, तर जिनच्या गल्लीत सुतार आपली करवत सावकाराकडे गहाण टाकतोय अन् एक बाई स्वयंपाकाची भांडी. करवत गेली म्हणजे उद्याचं काम गेलं, ते मात्र त्यानं बरोबर टिपलंय, त्यात कीर्तन नाही.

रोलँडसन या दुसऱ्या इंग्रज व्यंगचित्रकाराचं 1784 चं एक चित्र पोरांना भारी आवडेल. वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत फॉक्स नावाच्या उमेदवाराच्या प्रचाराला डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना स्वतः रस्त्यावर उतरली अन् मतासाठी खाटकाला मुका दिला अशी बोंब उठली, मग काय, चित्रकारांची दिवाळी. त्यात एकीकडे तिची उंची टोपी अन् दुसरीकडे खाटकाचा कामाचा वेश. आपल्याकडे उमेदवार फोटोपुरता वखर धरतो तसंच समजा, फक्त इथं हसू उमेदवाराचं नाही तर बाईचं अन् खाटकाचं केलंय, फॉक्स साहेब सुटले.

अजून दोन बारीक गोष्टी. छापताना चित्र उलटं होतं, आरशात दिसावं तसं. कोरणाऱ्यानं आधीच उलटं कोरलं नसेल तर सगळे डावखुरे दिसतील, म्हणून कोण कोणत्या हातानं सुरी धरायचा हे यावरून शिकवू नका. अन् चित्राच्या खालची बारीक ओळ वाचायला लावा. 1735 च्या कायद्यानं चित्रकाराला हक्क मिळाला, त्यासाठी प्रकाशकाचं नाव अन् तारीख पत्र्यावर कोरावी लागायची, त्यामुळे वेशाचं साल बरेचदा तिथंच सापडतं.

आमचा बचत गट शाळेत खिचडी शिजवते. आता म्हणे ॲप्रन अन् टोपी पाहिजेच. आम्ही कापूस वेचाले जातो तवा साडीवर मालकाचा जुना फुल बाह्याचा शर्ट घालतो, कमरेले ओटी बांधतो, त्याले कोणी ड्रेस म्हणत नाही. त्या इंग्रजांच्या चित्रात मोठ्या घरच्या बायका ॲप्रन घालत का? अन् शेतातल्या बाया दिसतात का? — काटोल तालुक्यातून एक ताई

ताई, घालायच्या ना. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बारीक मलमल, लेस, भरतकाम केलेले ॲप्रन ही श्रीमंत बायकांची फॅशन होती, कामाशी काही संबंध नाही. पण मग मोलकरीण अन् मालकीण ओळखायची कशी? बाथ शहरात ब्यू नॅश म्हणून एक साहेब नाचाच्या हॉलचे नियम ठरवायचा, त्याला पांढरा ॲप्रन खपायचा नाही. क्वीन्सबेरीची डचेस तसा घालून आली तर त्यानं तो उतरवून दासींच्या बाकाकडे भिरकावला अन् म्हणाला हे मोलकरणी घालतात, असा किस्सा 1762 साली छापलेल्या त्याच्या चरित्रात आहे. उलट बाजूनं लेखक डॅनियल डीफोनं 1725 मध्येच रड लावली होती की मोलकरणी इतक्या नटतात की मी एका घरी मालकीण समजून मोलकरणीचा मुका घेतला, यांना ठरलेला वेश लावून द्या. दोन्हीकडून बोलणार पुरुषच, अन् विषय बाईच्या कमरेचा कपडा.

शेतातल्या बाया या चित्रांत कमीच, कारण दुकानं लंडनची, गिऱ्हाईक शहरी. खेड्यातला माणूस आला तर बहुतेक वेळा बावळट म्हणूनच येतो, ढगळ कामाचा झगा घालून. शेतातला, घाटावरचा, खाणीवरचा वेश पाहायचा असेल तर व्यंगचित्रं सोडून विल्यम पाइन अन् जॉर्ज वॉकर यांची चित्रं पाहा. वॉकरचं यॉर्कशरचं पुस्तक 1814 चं आहे.

अन् तुमच्या शर्टाचं म्हणाल तर अंग पऱ्हाटीच्या ओरखड्यापासून वाचवते म्हणजे कामाचाच ड्रेस आहे, म्हणो ना म्हणो कोणी. खिचडीसाठी सुती ॲप्रन मागा, चुलीजवळ नायलॉन नको, अन् दर बाईला दोन मागा, एक वाळेपर्यंत दुसरा.

ही चित्रं फुकट कुठं पाहता येतील? — बऱ्याच जणांनी विचारलं

ब्रिटिश म्युझियमच्या वेबसाइटवर हजारो आहेत. तिथल्या जुन्या व्यंगचित्रांची यादी आधी फ्रेडरिक स्टीफन्स अन् मग डोरोथी जॉर्ज बाईंनी केली, 11 खंड, शेवटचा 1954 चा. कोणाच्या अंगावर काय कपडा, हातात काय, हे सगळं त्या वर्णनांत लिहिलेलं असतं, म्हणून ॲप्रन असा शब्द इंग्रजीत टाकून शोधलं तरी ढीगभर सापडतात. येल विद्यापीठाच्या लुइस वॉलपोल लायब्ररीचा संग्रहही फुकट पाहता येतो. फोटो जड असतात, गावात नेट रडत असेल तर आधी छोटी आकृती उघडा अन् पाहिजे तेवढंच मोठं करा.