चढाला गाडी पिकअप का सोडते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी १.२ लिटरची पेट्रोल गाडी नऊ वर्षांची, ९० हजार किलोमीटर झालेली आहे. सपाटीवर काही तक्रार नाही. पण यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी गाडी उचल घेत नाही, उलट दबते. चेक लाईट लागत नाही. प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले. आता गॅरेजमध्ये फ्युएल पंप बदला म्हणतात. बदलू का? – एक वाचक, सातारा

इतक्यात नको. पंपावर संशय घेण्यासारखी लक्षणं आहेत हे खरं, पण दाब मोजल्याशिवाय पंप बदलणं म्हणजे प्लग आणि फिल्टरनंतर तिसरा अंदाज.

पहिली पारख फुकटातली आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० ला गाडी ठेवा आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा भसकन वर गेला आणि वेग मात्र तेवढाच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे, इंजिनाला हात लावायचं कारण नाही. काटाच वर सरकत नसेल तर इंजिन खरोखर कमी ताकद देतंय किंवा चाकं कुठेतरी धरली जाताहेत. धरलेली चाकं ओळखायला ब्रेक फारसे न वापरता पाच-सहा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही रिमांजवळ हात न्या. एकच रिम तापलेली असेल तर त्या चाकाचा ब्रेक जाम आहे.

एवढं निस्तरलं की नीट आठवा, गाडी झटके देते की नुसती दबते? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि पत्रात तुम्ही 'दबते' लिहिलंय, ते महत्त्वाचं आहे. झटके, मिसिंग (एखादा सिलिंडर मधूनमधून न पेटणं) आणि लुकलुकणारी चेक लाईट हे बहुतेक वेळा इग्निशन कॉइलचं काम असतं. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर कॉइल नेमकी तिथेच उघडी पडते. झटका न देता सावकाश दबणारी गाडी मात्र पेट्रोल कमी मिळतंय, हवा कमी मिळतेय किंवा धूर बाहेर पडायला वाट नाही, यांपैकी काहीतरी सांगत असते.

पेट्रोलचं आधी बघू. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या तोंडाशी हवेत फवारणाऱ्या) बहुतेक गाड्यांत लाइनमधला दाब ३ ते ४ बारच्या दरम्यान असतो. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग टी-जोड लावून गेज बसवा. इंजिन थंड असताना, जवळ अग्निशामक ठेवून, आणि सवय असलेल्या माणसाकडूनच हे करून घ्या. गॅरेजमध्ये आयडलला (ॲक्सिलेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) दाब बरोबर दिसला की बरेच जण गेज काढून ठेवतात. चूक तिथेच होते. आयडलला इंजिन पेट्रोल पितंच किती? लांब होजवर गेज घेऊन तो काचेवर बाहेरून चिकटवा, सगळे जोड गळत नाहीत याची खात्री करा आणि चढावर पूर्ण ॲक्सिलेटरला शेजारच्या माणसाने आकडा वाचावा. अर्धा बार किंवा त्याहून जास्त पडला तर पुरवठा अपुरा आहे.

तरीही लगेच पंप नको. चालू पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १४ आणि पंपावर १२.५ मिळत असेल तर वाटेतला दीड व्होल्ट अर्थिंगची गंजलेली वायर किंवा रिलेचा तापलेला पॉइंट खातोय. नवा पंप बसवला तरी तो खात राहील. व्होल्टेज ठीक असेल तर टाकीतून पंप बाहेर काढा आणि खालची जाळी बघा. जुन्या गाडीत ती तपकिरी गाळाने भरलेली सापडते. जाळी साफ करून तात्पुरतं भागवू नका, बदला.

जुन्या पंपाची कमजोरी आत्ताच का दिसावी, यालाही कारण आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. हल्ली मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या इंधनात तीच हवा जाळायला शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून ते भागवतो. धडधाकट पंपाला याचं काही वाटत नाही. काठावर आलेला पंप मात्र पूर्ण लोडला कमी पडतो. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवतं आणि तो जाळीवर येऊन बसतो.

गेज मिळत नसेल तर ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधले आकडे वाचणारं यंत्र) घ्या. पूर्ण ॲक्सिलेटरला सायलेन्सरच्या पाइपातला पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर राहिला पाहिजे. तिथे तो ०.१-०.२ वर कोसळत असेल तर मिश्रण पातळ होतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. पण सावध, मिसिंग असेल तर न जळलेल्या हवेमुळेही सेन्सर असाच फसतो; म्हणून झटक्यांचा निकाल आधी लावायचा.

आता हवा. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वाचा. तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. साताऱ्याची उंची साधारण ७४० मीटर, म्हणजे ९२-९३ किलोपास्कल दिसायला हवेत. चढावर पूर्ण ॲक्सिलेटरला हा आकडा त्याच्या तीन-चार किलोपास्कल जवळ जायला हवा. ७५ वरच अडकला तर हवा कुठेतरी तुंबते आहे. फिल्टर नवा आहे, मग फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं आहे का बघा (उसाच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे अजिबात नवल नाही). आणि पायाखालचं रबरी मॅट पेडलला अडतंय का तेही! हसू नका, पेडल पाऊणच दाबलं गेलं तर थ्रॉटल पाऊणच उघडतो.

दाब आणि हवा दोन्ही बरोबर निघाली तर उरतो सायलेन्सरचा मार्ग. कॉइल खराब असताना गाडी बरीच दामटली असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा डबा) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळून बुजते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर २२ च्या पान्याने काढून त्या जागी गेज लावा. आयडलला ०.१ बारच्या आत आणि २५०० आरपीएमला ०.२ बारच्या आत दाब हवा. त्याहून बराच जास्त असेल तर कन्व्हर्टर बुजलेला आहे, आणि तो बुजवणारं कारण दुरुस्त केल्याशिवाय नवा बसवू नये.

प्रश्न : व्हीजीटी टर्बोची (हवा दाबून इंजिनात भरणारा, पात्यांचा कोन बदलणारा टर्बो) डिझेल एसयूव्ही आहे. कराडकडे जाताना ओव्हरटेकसाठी दाबली की अचानक ताकद जाते, आरपीएम २५०० च्या वर जात नाही. गाडी बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. असं का? – एक वाचक, विटा

हे 'बंद-चालू केलं की ठीक' फार बोलकं आहे. ईसीयूने गाडी लिंप मोडमध्ये टाकलीय, म्हणजे इंजिन सांभाळायला ताकद मुद्दाम छाटली आहे. बंद-चालू केल्यावर ती बंदी उठते, दोष तसाच राहतो. स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड पुसायच्या आधी लिहून घ्या आणि दोष नोंदला त्या क्षणाचे आकडे, म्हणजे फ्रीझ फ्रेम डेटाही. नुसता कोड पुसून 'झालं काम' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

स्कॅनरवर अपेक्षित बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष बूस्ट शेजारी-शेजारी लावून चढावर चालवा. प्रत्यक्ष बूस्ट अपेक्षितपेक्षा वर उसळून मग ताकद तुटत असेल तर टर्बोच्या आतल्या पात्या काजळीने चिकटल्या आहेत. गावातल्या गावात कमी आरपीएमवर चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं. ॲक्चुएटरला हाताच्या पंपाने व्हॅक्यूम देऊन रॉड बघा. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता सरकला पाहिजे. (इलेक्ट्रिक ॲक्चुएटर असेल तर हीच चाचणी स्कॅनरवरून होते.) बूस्ट कमी पडत असेल तर मात्र गळती शोधा. इंटरकूलरच्या होजचे जोड, क्लॅम्प, होजच्या खालच्या बाजूला पडलेली चीर. बाहेरून ताजं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की जागा सापडली. पाइपाच्या आत तेलाचा पातळ थर असणं नेहमीचंच, त्यावरून टर्बो गेला असा निष्कर्ष काढू नका. गळतीसोबत काळा धूर येतो, कारण एअर फ्लो सेन्सरने मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल सुटतं आणि ती हवा वाटेतच निसटलेली असते.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष बूस्ट सारखा निघाला तर रेल प्रेशरची (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) हीच तुलना करा. तिथे तूट दिसली तर डिझेल फिल्टर बदला, खालून पाणी काढा. आणि खानापूर-आटपाडीच्या धुळीत एअर फिल्टर कॉम्प्रेसरने फुंकून फुंकून वापरायची पद्धत सोडा. जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात, आत गेलेली धूळ टर्बोची पाती झिजवते.

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडी रोज फक्त सांगली-मिरज एवढीच चालते. डीपीएफचा दिवा लागला आणि पिकअप कमी झालाय. – एक वाचक, सांगली

छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही, त्यामुळे डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काजळी जळायची राहते. मिरजेहून कवठे महांकाळच्या बाजूला मोकळ्या रस्त्याने ६०-७० च्या वेगात, एक गिअर खाली ठेवून २०-२५ मिनिटं न थांबता चालवा. दिवा गेला नाही, किंवा त्यासोबत चेक लाईटही लागली, तर वर्कशॉपमध्ये स्कॅनरने रीजनरेशन (ती काजळी जाळणं) करून घ्या. दोन्हीपैकी कशासाठीही निघण्याआधी डिपस्टिक बघा. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रीजनरेशनमध्ये थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला.

प्रश्न : छोटी पेट्रोल गाडी वाईत ठीक, महाबळेश्वरला गेली की मरगळते. दोष आहे का? – एक वाचक, वाई

बहुधा नाही. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास, वाईत ९३. टर्बो नसलेलं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन वाईत जेमतेम ५५ देतं, महाबळेश्वरला ५१. पसरणी घाटात एसी बंद ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये ३५०० च्या पुढे इंजिन फिरू द्या. वाईत परतल्यावरही मरगळ राहिली तर वरच्या पहिल्या उत्तरातल्या क्लचच्या पारखीपासून सुरुवात करा.