साठ-सत्तर मुलांचा वर्ग न ओरडता कसा सांभाळावा?

तुम्ही लिहिलंय की वर्गात ६५ मुलं आहेत, तिसऱ्या तासालाच घसा बसतो आणि तरी कुणी ऐकत नाही. मुलांच्या आवाजावर आवाज चढवणं आधी बंद करा. फळ्यावर काम लिहून ठेवा, मगच वर्गाकडे वळा. प्रश्न विचारल्यावर लगेच नाव घेऊ नका, तीन सेकंद थांबा. मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलू द्या. वर्ग गुणगुणेल, गुणगुणू द्या.

माझा आठवीचा वर्ग होता, पट ६८. गणित होतं, समभुज चौकोनाचे कर्ण ८ आणि ६ सेंमी, क्षेत्रफळ काढा. मुलं जोडीनं बोलत होती. तेवढ्यात पर्यवेक्षक दारात आले, दारावर हात आपटला. सगळं चिडीचूप. मुलांसमोरच म्हणाले, "बाई, वर्ग सांभाळता येत नसेल तर तसं सांगा."

ते यायच्या मिनिटभर आधी मी शेवटच्या बाकाजवळ होते. एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, "अरे, तीन नाही, आठ आहे तो!" त्या दुसऱ्यानं वहीत ३ आणि ६ लिहून ९ उत्तर काढलं होतं. रीत अगदी बरोबर, कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं. त्याला फळाच नीट दिसत नव्हता. सहा महिने तो गप्प बसून सुवाच्य अक्षरात चुकीची गणितं सोडवत होता आणि मी त्याला कच्चा समजत होते. आठवड्याभरात चष्मा लागला.

शांत वर्गात हे मला कधीच कळलं नसतं. जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला आणि १९७० साली मांडलं की वर्ग नीट चालणं शिक्षक कसा रागावतो यावर ठरत नाही. त्याचं चहूकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, यावर बरंच ठरतं. पर्यवेक्षकांना नुसता गोंगाट ऐकू आला.

वह्यांचं म्हणाल तर एकेका मिनिटाच्या हिशेबानंही ६८ वह्यांना तासावर वेळ लागतो. रोज एकच रांग तपासा, शेवटच्या बाकांपासून सुरुवात करा.

पहिली-दुसरीला मात्र जोडीचं हे इतक्या लवकर जमत नाही, तिथे आधी महिनाभर सवय लावावी लागते. आणि एका शिक्षकाला ६५ मुलं देणं चूकच आहे, ते वरच्यांना लेखी कळवत राहा.

तुमच्या दारात कुणी असं आलं तर वर्ग गप्प करू नका. त्यांना आत बोलवा, शेवटच्या बाकावर बसवा आणि मुलं काय बोलतायत ते ऐकायला सांगा. मी त्या दिवशी "सॉरी सर" म्हणाले होते.