रविवारचं पातेलं आणि पाकिटातलं मटण

प्रश्न : ताई, आमचं गाव शिरोळ तालुक्यात. घरात रविवारी मटण ठरलेलं. गेल्या वर्षी यात्रेसाठी बोकड पाळला होता. त्याचं चारा-पाणी धाकट्या मुलानेच केलं. यात्रेच्या दिवशी मुलगा पंगतीतून उठला तो उठलाच. तेव्हापासून मटण नाही, अंडं नाही. रविवारी ताटावर बसतो आणि दही-भात खाऊन उठतो. ह्यांचा संताप होतो आणि माझा जीव तुटतो. हल्ली दुकानात शाकाहारी मटणाची पाकिटं मिळतात. ती आणावीत का? कुठली आणावीत? आणि त्यात मटणाची ताकद असते का?
— एक आई

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने केलं ते माझ्या वडिलांनीही केलं होतं, कारण फक्त वेगळं होतं. त्यांनी माळ घातली आणि त्या दिवसापासून मटण सुटलं. आईने त्यांना एका शब्दाने अडवलं नाही. मसाला एकाच पाट्यावर वाटायची, पण पातेली दोन. एकात आमचं मटण, दुसऱ्यात वडिलांचा तोच तांबडा रस्सा, आत कधी वांगं-बटाटा, कधी अख्खा मसूर. वडील आमच्याच पंगतीला बसून, आमच्याइतकाच घाम पुसत जेवायचे. पुढे मी कोल्हापुरात 22 वर्षं खाणावळ चालवली, तेव्हा माळकरी गिऱ्हाइकांसाठी रोज असं एक वेगळं पातेलं लावायची. तुमचा प्रश्न त्यामुळे मला परका वाटला नाही. पाकिटांचं मात्र मला फारसं माहीत नव्हतं. म्हणून उत्तर लिहायच्या आधी तीन रविवार घालवले.

बाजारात आता माल बराच आहे. उदयपूरची गुडडॉट 2016 साली निघाली, मुंबईची ब्लू ट्राइब त्यानंतर आली, रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी 2021 मध्ये इमॅजिन मीट्स काढली. मी पाच प्रकार आणले : साध्या सोयाबीन वड्या, बाहेर ठेवता येणारं ‘मटणा’च्या तुकड्यांचं पाकीट, फ्रीजरमधला खिमा, काडीवर गुंडाळलेली सोया चाप आणि पाकिटातला कच्चा फणस. कुठला तुकडा कुठल्या कंपनीचा हे सांगणार नाही. एका घरच्या जिभेवरून कुणाच्या मालाला नावं ठेवणं मला पटत नाही, आणि तुम्हाला उपयोग प्रकार कळण्याचा आहे. चाखायला माझे धाकटे दीर होते, ज्यांचा एकही रविवार मटणाविना गेलेला नाही. कॉलेजात जाणारा नातू होता. आणि शेजारच्या लिंगायत वहिनी, ज्यांनी जन्मात मटण तोंडात घातलेलं नाही.

पहिल्या रविवारी सगळं नुसतं हळद-मिठाच्या पाण्यात उकडून ठेवलं. तिथेच मुख्य गोष्ट कळली. मटण शिजताना पाण्याला स्वतःचं काहीतरी देतं. चरबी सुटते, हाडाचा अंश उतरतो, वर सोनेरी तवंग येतो. ते अळणी पाणी वाटीत घेऊन आपण नुसतं पितो. पाकिटातल्या कुठल्याही तुकड्याने पाण्याला असं काही दिलं नाही. वड्यांचं पाणी तर पिवळसर, फेसाळ आणि कच्च्या शेंगेच्या वासाचं झालं, ते मी ओतून टाकलं. तुकडे पाणी देत नाहीत, पितात. हे एकदा लक्षात आलं की काय करायचं आणि काय नाही, ते आपोआप ठरतं.

पांढरा रस्सा करू नका. तो अळणीवरच उभा असतो. खसखस, तीळ, काजू, नारळाचं दूध सगळं माझ्या हाताने घातलं तरी दिरांनी एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली. म्हणाले, ‘‘वहिनी, हे खिरीच्या वाटेवर आहे.’’ त्यांचं बरोबर होतं.

तांबडा जमतो. पण तुकड्यांच्या पाकिटाचा एक स्वभाव आहे. त्यावर ‘मटणासारखं शिजवा’ असं लिहिलेलं पाहून मी ते रश्शात तासभर ठेवलं, तर धागे सुटून पिठूळ झालं. ते तुकडे कारखान्यातच शिजून आलेले असतात. दुसऱ्या वेळी रस्सा पूर्ण उकळून घेतला, तुकडे वेगळे तेलात कडेला लालसर होईपर्यंत परतले आणि शेवटची सात-आठ मिनिटं रश्शात सोडले. तेव्हा दातांखाली धागा लागला. दोन बोटांनी तुकडा उकलून पाहिला, तर मटणासारखे पदर खरंच निघाले. पण चावताना फरक कळतो. मटणाचा घास चावत गेलं की विरघळतो, हा शेवटपर्यंत थोडा उसळत राहतो. दिरांना पहिल्याच घासाला कळलं. नातवाला तिसऱ्या घासाला.

खिमा मात्र सगळ्यांना आवडला. खिम्यात पदर नसतो, नळी नसते, जिभेला शोधायचं फार काही राहत नाही. मसाला, कांदा आणि भाजल्याचा वास, एवढ्यावर तो चालतो. गोठलेला खिमा बाहेर काढून मऊ होऊ देऊ नका, पाणी सुटतं. जाड तवा तापवायचा, तेल सढळ घालायचं आणि खिमा थेट तव्यावर मोकळा करायचा. तळाला चिकटून तपकिरी पापुद्रा धरेपर्यंत हलवायचं नाही. तो पापुद्रा खरवडून आत घेतला की चव येते. मग कांदा, आलं-लसूण, कांदा-लसूण चटणी, शेवटी वाटाणे आणि कोथिंबीर. दिरांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. तुम्ही सुरुवात इथून करा.

चापेत सोयाइतकाच मैदा जाणवला. ती उत्तरेकडची, तिचं खरं ठिकाण निखाऱ्यावर. दह्या-मसाल्यात मुरवून भाजली तर छान, रश्शात फुगते. फणसाचा धागा दिसायला पाचांत उत्तम. पण तो फणस म्हणूनच खावा. कोकणात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी कुणी मटणाच्या नावाने करत नाही, तिला तिचा मान आहे.

आता वड्यांचं. सगळ्यांत स्वस्त, कुठल्याही किराणा दुकानात मिळणाऱ्या, आणि रीत पाळली तर सुक्क्यात पाकिटाच्या महाग तुकड्यांच्या बरोबरीला येणाऱ्या. लोकांना वड्या आवडत नाहीत, कारण त्या नीट धुतल्या-पिळल्या जात नाहीत. मिठाच्या पाण्यात पाच-सहा मिनिटं उकळायच्या, गार पाण्यात टाकायच्या आणि तळहातांत धरून घट्ट पिळायच्या. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळायच्या. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं, माझ्याकडे तीन पाणी लागतात. खाणावळीत नवीन आलेल्या बाईला मी आधी एवढंच शिकवायची. पिळलेली वडी आता तहानलेली असते, तेव्हाच तिला दही, आलं-लसूण, हळद, मीठ आणि चटणी चोळून अर्धा तास ठेवायचं. साधं पाणी पिऊन बसलेल्या वडीत मसाला शिरत नाही. मग तेलात लाल परतून सुक्कं. रस्सा केला तर दुपारचा संध्याकाळी खा, जास्त लागतो.

रश्शाला अळणीची जागा कशाने द्यायची? वाटणातला कांदा आणि सुकं खोबरं नेहमीपेक्षा गडद भाजा, दगडफूल थोडं जास्त घ्या आणि मूठभर अख्खा मसूर शिजवून त्याचं पाणी रश्शाला घाला. मटणाची चव येणार नाही, पण रश्शाला अंग येतं. पातळ लाल पाणी वाटत नाही.

ताकदीचं विचारलंत. कोरड्या सोया वड्यांत 100 ग्रॅमला सुमारे 52 ग्रॅम प्रथिनं असतात. एका माणसाला 30 ते 40 ग्रॅम कोरड्या वड्या पुरतात, म्हणजे 15 ते 20 ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. तरण्या मुलाच्या एका जेवणाला ते चांगलं आहे. फणसात मात्र 100 ग्रॅमला दोन-अडीच ग्रॅमच, त्यावर भरवसा नको. मटणातून मिळणारं बी-12 जीवनसत्त्व सोयाबीनमध्ये नसतं. काही पाकिटांत वरून घातलेलं असतं, तसं असेल तर लिहिलेलं असतं. मुलगा दूध-दही खातो हे चांगलं आहे, ते बंद होऊ देऊ नका आणि वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. घरात कुणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर गोळी आणि सोयाबीन जवळजवळ नको, किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा.

आणि पाकीट उलटून वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जे जास्त ते आधी. पहिल्या दोन-तीन नावांत सोया किंवा वाटाण्याचं प्रथिन दिसलं पाहिजे. नंतर सोडियम बघा. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 1 ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. मी आणलेल्या मसालेदार पाकिटांत मीठ आधीच मुबलक होतं. वर आपल्या सवयीने मीठ घातलं आणि पहिला रस्सा खारट झाला. म्हणून रश्शाला मीठ अगदी शेवटी, चाखून.

आता पत्रात जे तुम्ही विचारलं नाहीत, त्याबद्दल. मुलगा मटणाची चव नको म्हणून उठलेला नाही. त्याने त्या बोकडाला हाताने पाला चारला होता. त्याच्यापुढे हुबेहूब मटण दिसणारा तुकडा ठेवला तर त्याला बरं वाटेल की अंगावर येईल, हे तुम्ही-मी ठरवू शकत नाही. त्याला विचारा. पाकीट त्याच्यासमोर उघडा. चुकूनही ‘कळणार नाही त्याला’ म्हणून मटणाच्या अळणीचा डाव त्याच्या रश्शात घालू नका. माझ्या एका नात्यातल्या घरात माळकऱ्याला असं जेवू घातलं गेलं आणि ते कळल्यावर तो माणूस पुन्हा त्या घरी जेवला नाही. पातेलं वेगळं, डाव वेगळा, आणि आधी त्याचं पातेलं चुलीवरून उतरू दे.

त्याच्या वडिलांनाही एक काम द्या. बहुतेक घरांत मटण आणणं आणि कधी कधी शिजवणंही पुरुषांच्या आवडीचं असतं. मुलाचा खिमा त्यांना परतायला सांगा. मुलासाठी काही करायला मिळालं तर राग किती उतरतो ते बघा. आणि मला कळवा, मी वाट बघते.

प्रश्न : आम्ही लातूरकडचे, दोन एकर सोयाबीन असतं. आमचंच सोयाबीन विकून बाजारातून वड्या विकत आणायच्या, हे मनाला लागतं. वड्या घरी करता येतात का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : मलाही तुमच्याइतकंच लागतं, पण वडी घरी होत नाही. आधी सोयाबीनचं तेल काढतात, उरलेल्या भागाचं पीठ करतात, ते पाण्यासह यंत्रात मोठ्या उष्णतेने आणि दाबाने पुढे रेटतात. तोंडातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगून त्याला स्पंजासारखी जाळी पडते. मसाला पिणारी जाळी तीच. हाताने वळलेल्या सोयापिठाच्या वडीला ती येत नाही, दगड होतो.

घरी होण्यासारखं आहे ते सोयापनीर. सोयाबीन रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा, भरपूर पाण्यात वाटून गाळा. दूध उकळी आल्यावरही 15 मिनिटं मंद आचेवर ढवळत ठेवा. ही पायरी टाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात, ते उकळल्यानेच जातात. मग आच बंद करून लिंबाचा रस थोडा थोडा घाला, फाटलं की फडक्यात बांधून वर पाट्याचा वरवंटा ठेवा. तासाभरात कापता येतं. एक किलो सोयाबीन एकदम घेऊ नका, पहिल्यांदा एक वाटीच घ्या. खाली उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात जातो.

प्रश्न : मी मुलांसाठी शाकाहारी नगेट्स आणले. पाकिटावर हिरवा ठिपका आहे, तरी सासूबाईंना ते घरात नको वाटतात. त्या जन्माच्या शाकाहारी. मी त्यांची समजूत कशी घालू?
— एक सून, पुणे

उत्तर : हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे आत मांस-मासे-अंडं नाही. दूध असू शकतं, ते त्यांना चालणारच. तेव्हा शंका घेण्यासारखं काही नाही, हे त्यांना एकदा पाकीट दाखवून सांगा. पण समजूत तेवढ्यावरच थांबवा.

वर ज्या वहिनींचं लिहिलं, त्यांनी चव घेताना खिमा आनंदाने खाल्ला, कारण तो त्यांना उसळीसारखा वाटला. पदर सुटणारा तुकडा मात्र त्यांनी ओठाशी नेऊन खाली ठेवला. त्यांना माहीत होतं की तो सोयाबीनचा आहे. तरी घास गेला नाही. ज्या मालात मटणाचं साम्य जितकं जास्त, तितका तो त्यांना नकोसा. तो माल मटण सोडलेल्यांसाठी बनवलेला आहे, ज्यांनी ते कधी खाल्लंच नाही त्यांना त्यातून मिळण्यासारखं काही नाही. सासूबाईंचा नकार हट्ट समजू नका. नगेट्ससाठी छोटी वेगळी कढई घ्या, त्यातलं तेल त्यांच्या भजीला वापरू नका, आणि त्या देवघरात किंवा बाहेर असतील तेव्हा तळा.