तू काय विचारशील, त्यावर तालुका चालेल

कोल्हापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पेढे घेऊन आलीस त्या दिवशी घरात पाव्हणे होते, मनासारखं बोलणं झालं नाही. निघताना दारात विचारलंस, "सर, तालुक्याची गटशिक्षणाधिकारी म्हणून पहिल्यांदा काय करू?" मी "निवांत सांगतो" म्हणालो. चार दिवस तेच डोक्यात आहे.

शासनाचे जीआर, शिक्षकांच्या पदांची संच मान्यता, शाळांच्या माहितीचं यू-डायस हे तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्यावर मी बोलत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. नोकरीची कितीतरी वर्षं गेल्यावर ती मला उमगली. अधिकारी जे विचारतो, तेच तालुका तयार ठेवतो. तू पाठांच्या तयारीची टाचणवही मागितलीस, तर रात्री जागून टाचणं लिहिली जातील. रंगरंगोटीचं कौतुक केलंस, तर भिंती रंगतील. एखाद्या मुलाच्या वाचनाबद्दल विचारलंस आणि पुढच्या भेटीत त्याच मुलाचं पुन्हा विचारलंस, तर वाचन घेतलं जाईल. शिक्षक कामचुकार असतात म्हणून असं होत नाही. वरून विचारणा कशाची होते, त्यावरून कशाला किंमत आहे ते त्यांना कळतं.

मी विस्तार अधिकारी असतानाची गोष्ट. भर पावसाळ्यात डोंगराकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत तपासणीला गेलो. खुर्चीत बसलो आणि हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही, कॅशबुक असं एकेक मागवत राहिलो. दोन्ही गुरुजी माझ्यासमोर उभे. पलीकडच्या खोलीत पहिली ते चौथीची पोरं हाताची घडी घालून बसलेली. तीन तास. निघताना चौथीतल्या एका मुलीला सहज म्हटलं, "वाच गं." तिनं ओळीवर बोट ठेवून धडा घडाघडा म्हटला. मी पुढची पानं उलटली आणि न शिकवलेला धडा समोर धरला. बोट पहिल्या शब्दावरच राहिलं. तिनं चित्राकडे पाहिलं, मग गुरुजींकडे, मग माझ्याकडे. आधीचा धडा तिला पाठ होता, वाचता येत नव्हता. शेरेबुकात मी तोवर लिहून मोकळा झालो होतो, 'अभिलेखे अद्ययावत. काम समाधानकारक.' ते खोडून दुसरं लिहायला हवं होतं. मी तसाच गाडीत बसलो. ती मुलगी आज चाळिशीच्या आसपास असेल. तिचं ते थांबलेलं बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर येतं.

म्हणून शाळेत गेलीस की आधी कार्यालयात बसू नकोस. वर्गात मागे, मुलांच्या ओळीत सतरंजीवर बस. तास चालू राहू दे. मग चार-पाच मुलांना जवळ घे, न शिकवलेला एक उतारा वाचायला दे, हातच्याची एक वजाबाकी घाल. अडखळणाऱ्या मुलांची नावं डायरीत लिही. गुरुजींना वर्गासमोर काही बोलू नकोस, बाहेर व्हरांड्यात विचार, "याला कुठं अडतंय असं तुम्हाला वाटतं?" बहुतेकांना नेमकं माहीत असतं, त्यांना कुणी विचारलेलं नसतं. महिन्याभरानं त्या नावांनिशी पुन्हा जा. ही दुसरी फेरी फार महत्त्वाची. पहिल्या भेटीवर कुणाचा विश्वास बसत नाही, नवा साहेब नव्या जोमानं येतोच.

रजिस्टरं बघायची नाहीत असं नाही. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब चोख हवाच. पण तो शेवटच्या अर्ध्या तासात.

आणि शिक्षकाचा वेळ राख. हे काम तुझ्याशिवाय कुणी करणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानं जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून बिगरशैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाही. पण वेळेची सगळी गळती काही त्या कामांतून होत नाही, बरीचशी आपल्याच कार्यालयातून होते. पंचायत समितीतून सकाळी निरोप जातो, 'माहिती दुपारपर्यंत तातडीने सादर करा,' आणि तीच माहिती गेल्या महिन्यात आलेली असते. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या आडबाजूच्या द्विशिक्षकी शाळेतून एकाला मीटिंगला बोलावलंस, तर त्या दिवशी अर्धी शाळा बंद पडते. कोणतीही माहिती मागवण्याआधी ती आपल्याकडे आहे का, हे लिपिकाला विचारायची सवय लाव. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांनाही या टपालाच्या कामातून सोडव. अनुभवी माणसं आहेत ती, त्यांच्याकडून वर्गातलं काम घे. शिक्षक एकत्र जमतात त्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचण्याऐवजी एखाद्या गुरुजींना त्यांचा चांगला जमलेला पाठ घेऊन दाखवायला लाव.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, हे तुला ठाऊक आहे. सभा दुपारी ठेवली तर त्या बायका भांगलणीला गेलेल्या असतात आणि सह्या घरी जाऊन घ्याव्या लागतात. सभा दिवेलागणीला ठेवायला सांग. शिरोळ, करवीरच्या नदीकाठच्या शाळांना जूनमध्येच दाखल्यांची रजिस्टरं उंचावर हलवायला लाव. २०१९ आणि २०२१ चा महापूर तू पाहिला आहेस.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. शाळेत गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, "पट किती?" मीही आयुष्यभर तोच विचारला. त्याच्या जोडीला दुसरा विचारत जा, "गावात शाळेत न येणारं मूल कोणतं?" राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांबरोबर बसवलं. महाराज न येणारं मूल शोधत होते. आपण त्यांच्या गावात काम करतो.

आपला पट मोजला जातो ३० सप्टेंबरला. ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे. मुलं गावी राहावीत म्हणून त्यांच्या मूळ गावाकडे हंगामी वसतिगृहांची सोय आहे, तरी आईबापांबरोबर पोरं येतातच. एका शाळेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर कोप्या, म्हणजे या टोळ्यांच्या झोपड्या, होत्या आणि हजेरी शंभर टक्के लिहिलेली होती. खोटी नव्हती ती. त्या पोरांना कुणी मोजलंच नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, एवढं मुख्याध्यापकांना स्वतः फोन करून सांग.

सोमवारी रुजू होशील तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात असेल. पहिल्याच आठवड्यात कोप्यांवर जा. टोळी पहाटेच फडात जाते, म्हणून आईबापांना भेटायचं तर संध्याकाळी, आणि मुकादमाला आधी निरोप देऊन. मुलं मात्र सकाळी भेटतात. नऊच्या सुमाराला धाकट्या भावाला कडेवर घेतलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीच्या दारात तुला दिसेल. तिला शाळेत बोलावण्याआधी अंगणवाडीच्या ताईंशी बोलून भावाची सोय करून ठेव, नाहीतर ती एक दिवस येईल आणि दुसऱ्या दिवशी येणार नाही.

तुझा,
सर