वाचकांचे प्रश्न : विश्वास खरा की केवळ घरचा वारसा?

प्रश्न : मी आमच्या घरातली तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती आहे. बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण (स्वतःच्या तोंडून विश्वासाची कबुली देण्याचा विधी) झाले आणि गेली अकरा वर्षे मी मंडळीत रविवारच्या शाळेत शिकवते. मध्यंतरी एका पाहुण्या उपदेशकांनी विचारले, तुमचा नवा जन्म, म्हणजे ख्रिस्तामध्ये जीवन पालटणे, कोणत्या दिवशी झाला? मला तारीख सांगता आली नाही. तेव्हापासून प्रार्थना कोरडी वाटते. शिवाय शेताच्या वाटणीवरून जावेशी दोन वर्षे बोलणे नाही, तेही सलते. माझा विश्वास खरा आहे का?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तारखेची चिंता प्रथम बाजूला ठेवा. प्रेषित पौलाला दिमिष्काच्या वाटेवर ख्रिस्ताचे दर्शन होऊन जीवन पालटले तो प्रसंग सांगता येत होता. पण त्याच पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना तारीख विचारलेली नाही, तर जो विश्वास आधी आजी लोईस हिच्या आणि आई युनीके हिच्या ठायी होता, तोच तुझ्याही ठायी आहे अशी माझी खात्री आहे, असे म्हटले आहे. म्हणजे तीमथ्यही तुमच्यासारखाच तिसऱ्या पिढीचा.

मात्र वारशाने मिळालेले आपले झाले की नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि तो केवळ जन्माने ख्रिस्ती असलेल्यांनाच पडतो असे नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो पुष्कळ विचारांती, आप्तस्वकीयांचा आणि समाजाचा रोष पत्करून; तरीही पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने कबूल केले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. एवढ्या विदुषीला जे उमगायला आठ वर्षे लागली, ते विचारताना तुम्ही संकोचू नये.

विश्वासात आहात की नाही याची परीक्षा करा, ही पौलाची सूचना करिंथकरांस (करिंथ शहरातल्या मंडळीला) लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे. ती कोणत्या प्रसंगी केली, हे सहसा कोणी सांगत नाही. करिंथकर पौलाकडेच त्याच्या प्रेषितपणाचे, म्हणजे ख्रिस्तानेच त्याला पाठवल्याचे, प्रमाण मागत होते. तेव्हा त्याने त्यांना स्वतःकडे पाहायला लावले, आणि लगेच विचारले की, येशू ख्रिस्त तुमच्यामध्ये आहे हे तुम्हाला ठाऊक नाही काय? म्हणून ही परीक्षा मनाची नाडी धरून बसण्याची नव्हे. प्रार्थना कोरडी वाटते म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. आपल्या मुलासाठी प्रभूकडे आलेल्या बापाने, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, असे एका दमात म्हटले, आणि प्रभूने त्याला परत पाठवले नाही. उलट, सिद्धान्त मुखोद्गत असणे हेही प्रमाण नव्हे, कारण याकोब म्हणतो की देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात व थरथर कापतात. रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या आपणा सर्वांना हे वाक्य जरा बोचलेलेच बरे.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शिवाय म्हणून शेवटी जोडले आहे. सार्वकालिक जीवन आपल्याला लाभले आहे हे कळावे, याच हेतूने योहानाने आपले पहिले पत्र लिहिले, आणि त्यात जी खूण त्याने पुन्हा पुन्हा सांगितली ती बंधुप्रीतीची आहे. डोळ्यांपुढे असलेल्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याला न पाहिलेल्या देवावर प्रीती करता येणार नाही. बंधुप्रीतीने तारण विकत मिळते असा याचा अर्थ नाही. तारण कृपेनेच आहे. परंतु ज्याला क्षमा मिळाली आहे त्याला दोन वर्षांचा अबोला सुखाने पचत नाही, आणि तुम्हाला तो सलतो, हे मला तुमच्या न आठवणाऱ्या तारखेपेक्षा अधिक आशेचे चिन्ह वाटते.

वेदीजवळ अर्पण ठेवून आधी समेट करायला जा, असे प्रभूने सांगितले तेव्हा, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे त्याचे शब्द होते. वाटणीत अन्याय कोणावर झाला हे त्याने विचारलेले नाही. तेव्हा पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी एकदा जावेकडे जाऊन या. बांधाचा विषय त्या दिवशी काढू नका. तिने दार उघडले नाही, तर मला पुन्हा लिहा.